पिवळीच्या घरचं लग्न

माझ्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझं तोंड बघून नव्हे, माझं खातं बघून. मी वीज कार्यालयातला कारकून, साताऱ्याकडून बदली होऊन कारंज्याला आलेलो. कारंजा म्हणजे घाडग्यांचं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. तिथे हमरस्त्याला लागून घरमालकांचं टायरचं दुकान होतं, दुकानामागे घर आणि वर ही एक खोली. नाव, जात, पगार, खाणंपिणं, भाडेकरूला विचारायच्या नेहमीच्या गोष्टींपैकी त्यांनी एकही विचारली नाही. टायरचं पंक्चर काढता काढता मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "लाईन कवा जाते, थे तुमाले आंधी समजते का?" कधी कधी समजतं, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मंग आना सामान."

लाईन जाण्याशी या गृहस्थांचं काय वाकडं आहे, ते मला आत गेल्यावर समजलं. बैठकीत दिवाण होता, टीव्ही होता, देवांचे फोटो होते, पण ते सगळं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेच्या टाक्या होत्या आणि त्यांत मासे होते. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांची बायको, म्हणजे काकू, मात्र त्यांना नावानेही हाक मारत नसे आणि "अहो"ही म्हणत नसे. काही सांगायचं असलं की ती टाकीला सांगायची. भाजी संपली आहे, सिलिंडर आणायचं आहे, असं ती माशांकडे बघून मोठ्याने बोलायची. ते नेमकं काकाजींच्या कानावर पडायचं, कारण त्यांचं नाक त्याच काचेला लागलेलं असायचं.

मासे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गोल बरणीतला सोनेरी मासा येई. तसं एकदा बोलून गेलो, तर काकाजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ते पाळायचे ते सिक्लिड. ही माशांची मोठी भाऊबंदकी आहे आणि त्यांच्यात भांडणंही भाऊबंदकीसारखीच असतात. प्रत्येकाला आपला दगड, आपला कोपरा हवा. दुसरा त्या हद्दीत आला की शेपटीचा लचका तोडायचा. काकाजी आर्वीला गेले, नागपूरला गेले, कुणाच्या मयतीला गेले, तरी येताना पिशवीत दगड घेऊन येत. एवढे दगड कशाला, म्हणून विचारलं तर सांगत, "ज्याले घर नाई थो भांडते, ज्याले दोन घरं हायेत थो झोपते." दगडांवर दगड रचून ते माशांसाठी कपारी करत. रचून झालं की दूर उभं राहून बघत, मग एक दगड इकडचा तिकडे करत. घराच्या गळक्या छपराकडे मात्र ते कधी असं दूर उभं राहून बघत नसत, अशी काकूची तक्रार होती. तीही टाकीकडेच केलेली.

कारंज्याचं विहिरीचं पाणी जड. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, भांड्यांवर पांढरं किटण धरायचं. सगळं गाव त्या पाण्याला शिव्या घालायचं. काकाजी त्याच्यावर खूश होते, कारण त्यांचे आफ्रिकेकडचे मासे जड पाण्यातलेच. नळाच्या पाण्याला ते हात लावायचे नाहीत. त्यात ब्लिचिंग पावडर असते, माशाचे कल्ले भाजतात. विहिरीला पाणी उरलं नाही तरच नळाचं घ्यायचं आणि तेही ड्रममध्ये उघडं ठेवून, वास गेल्यावर. त्या ड्रमाला घरातल्या कुणी तांब्या लावला तर खैर नसे. दर रविवारी सकाळी टाकीतलं थोडं पाणी नळीने काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. सगळं पाणी एकदम बदललं तर मासा घाबरतो, अजिबात नाही बदललं तर आजारी पडतो. "मी मासे नाई पाळत, बाबू," ते मला सांगत, "मी पानी पाळतो. मासे त्यात राह्यतेत." काढलेलं मळकट पाणी काकूच्या वांग्यांना जायचं. ती वांगी मी सात वर्षं खाल्ली. तशी वांगी नंतर कुठे मिळाली नाहीत.

गुरुवारी काकाजींचा उपास असे आणि त्या दिवशी माशांनाही उपास असे. मला हा भाविकपणा वाटला होता. पण त्यांचं म्हणणं, दत्तगुरू असोत नसोत, आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं राहिलं तर मासा फुगत नाही. पोट फुगून मासा मरतो, भुकेने सहसा मरत नाही. पाहुणे यायचे, टाकीसमोर उभे राहायचे, हातातला चिवडा आत टाकायला बघायचे. काकाजी पाहुण्याचा हात वरच्या वर धरायचे. एकदा त्यांनी असा एका आमदाराच्या मेव्हण्याचा हात धरला. नवीन मासा आला की तो पंधरवडाभर मागच्या न्हाणीत वेगळ्या टाकीत राहायचा. तिथे त्याची तब्येत नीट आहे असं ठरल्यावरच त्याला पुढे बैठकीत प्रवेश. तेवढे दिवस घरातल्या माणसांनी अंगणात आंघोळ करायची. मीही केली.

नवीन मासे यायचे ते ट्रकने. रस्ता कलकत्त्याहून मुंबईकडे जाणारा, आणि ट्रकवाल्यांना टायर लागतातच. काकाजींनी कलकत्त्याकडच्या काही ड्रायव्हर मंडळींना असा लळा लावून ठेवला होता की ते हावड्याहून थर्माकोलच्या डब्यात, हवा भरलेल्या पिशव्यांतून मासे आणत. डबा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. क्लीनर मागे.

आणि आता लाईनची गोष्ट. आमच्या खात्याचं भारनियमन वाढत गेलं तसे काकाजी माझ्याकडे संशयाने बघू लागले. वीज गेली की टाकीतल्या हवेच्या मोटारी बंद पडतात आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की मासे वर येऊन तोंडं वासतात. मी काय करणार? वेळापत्रक आणून देई, पण आमचं खातं आपलंच वेळापत्रक वाचत नसे. शेवटी काकाजींनी आपल्या धंद्यातून उपाय काढला. ट्रकची मोठी ट्यूब कॉम्प्रेसरने टम्म भरायची, तिच्या तोंडाला नळी लावायची, नळीवर दवाखान्यातल्या सलाईनची चाकाची चिमटी बसवायची आणि नळीचं दुसरं टोक टाकीत सोडायचं. चाक थोडं फिरवलं की बारीक बुडबुडे सुरू. एका ट्यूबवर एक टाकी संध्याकाळ काढायची. बैठकीत दिवाणाखाली, टीव्हीखाली, देवांखाली काळ्या ट्यूबा दिसायच्या. टाकीभोवती ओली पोती गुंडाळलेली. अशा घरात मुलीचं लग्न ठरलं याचं गावाला फार आश्चर्य वाटलं.

मुलीचं घरातलं नाव बेबी. एकुलती एक. तिला माशांचं वेड नव्हतं, पण बापाच्या वेडाचं तिला कौतुक होतं. पाणी काढताना नळीचं टोक तीच धरायची. कोणता मासा आज सुस्त आहे, कुणाचे पर मिटलेले आहेत, हे काकाजींच्या आधी तिला दिसायचं. बाप-लेकीचं बोलणं बहुतेक याच विषयावर व्हायचं. स्थळ आलं जवळच्या तळेगावहून, ज्याला श्यामजी पंतांचं तळेगाव म्हणतात. शेती, बी-बियाण्यांचं दुकान, मुलगा शिकलेला आणि शांत. बेबीला तो आवडला होता. ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण फोन वाजला की ती ज्या चपळाईने उठायची त्यावरून सगळ्यांना समजलं.

मे महिन्यातली तारीख धरली. मांडव घरापुढेच पडायचा होता. आणि लग्नाला काही दिवस उरले असताना पिवळीने तोंडात अंडी घेतली.

पिवळी म्हणजे पिवळ्या रंगाची एक मादी. या जातीची आई अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तोंड उघडत नाही, म्हणजे खातही नाही. गळा फुगलेला, डोळे सावध, आपली दगडाआड बसलेली. काही दचकवणारं झालं, आवाज, धक्का, जाळी, की बऱ्याचदा ती सगळं गिळून टाकते. पिवळीने आधी असंच केलं होतं. एकदा दिवाळीच्या फटाक्यांनी, एकदा गणपतीच्या ढोलांनी. त्या दोन्ही वेळी काकाजी जेवले नव्हते. हॉर्नचा त्रास नको म्हणून त्यांनी दुकानावर हिंदीत पाटीही लावली होती, की हॉर्न वाजवू नका, आत मासोळी आहे. ती वाचून प्रत्येक ट्रकवाला खरंच का म्हणून हॉर्न वाजवून बघायचा, म्हणून काढून टाकली.

आता दारात वरात येणार, बँड वाजणार. टाकी हलवता येत नव्हती आणि तोंड भरलेल्या माशाला जाळीत धरायचं नसतं. काकूने टाकीला नाही, या वेळी थेट नवऱ्याला सांगितलं, की माशाचं नाव काढाल तर खबरदार. तळेगावला जाऊन बँड बसस्टँडजवळच थांबवा अशी विनंती करायची असेल तर करा, पण माझ्या छातीत दुखतं, डॉक्टरांनी आवाज मना केला आहे, असं सांगा. काकाजींनी मान हलवली. त्यांना खोटं बोलता येत नसे. रिमोल्ड टायर नवा म्हणून खपवणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. म्हणून काकूने मला सोबत धाडलं.

एसटीतून तळेगाव आलं तेव्हा काकाजी म्हणाले, लग्नाच्या तोंडावर चांगल्या बाईच्या छातीत दुखणं घालायचं बरं नाही. मी म्हणालो, मग दुसरं काहीतरी सांगा. हे मी म्हणायला नको होतं असं लोक म्हणतात, पण मी म्हणालो नसतो तरी तेच झालं असतं.

नवरदेवाचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, घरातले कर्ते. त्यांनी पोहे दिले, चहा दिला. काकाजींनी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "घरी बाळंतपन हाय. म्हनून बँड जरा दूरच थांबवा लागते."

कुणाचं बाळंतपण, असं मोठेबाबांनी विचारलं. काकाजींनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. "घरचंच हाय," ते म्हणाले. त्या घरात बायका दोनच होत्या. एक काकू, पन्नाशी उलटलेली, आणि दुसरी नवरी. हे मोठेबाबांना ठाऊक होतं. त्यांनी हळूच पुढचा प्रश्न विचारला, की मग सोयर? घरात बाळ जन्मलं तर सोयर लागतं आणि सोयरात लग्न लागत नाही, हे कुणालाही माहीत असतं. काकाजी निश्चिंतपणे म्हणाले, "याचं आमाले नाई लागत."

परतीच्या एसटीत ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झोपले. काम फत्ते झालं, अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा आले. सोबत दोन वयस्क बाया. बेबी चहा घेऊन आली, तर त्या दोघी चहाकडे न बघता तिच्या पोटाकडे बघत बसल्या. काकूला आधी काही कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. बेबी कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जागची हलली नाही. लग्न मोडणार आणि तेही या कारणाने मोडणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. एक काकाजी सोडून.

मोठेबाबा म्हणाले, "बाळंतीन कोन हाय थे दाखवा. मंग आमी जातो."

काकाजींनी त्यांना पिवळीच्या टाकीसमोर नेलं. हलू नका म्हणाले, बोलू नका म्हणाले, आणि दगडाकडे बोट केलं. मोठेबाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले. बराच वेळ काही झालं नाही. मग पिवळी दगडाआडून थोडी पुढे आली आणि तिने तोंड जरासं उघडलं, पाणी खेळवायला. आत बारीक काळे डोळे होते, डोळ्यांवर डोळे. मोठेबाबांनी त्या दोन बायांना खुणेने बोलावलं. तिघंही लहान मुलांसारखी काचेला नाकं लावून उभी राहिली.

मोठेबाबा सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. ते पोट धरधरून हसले, इतके की खाली बसले. लोक नवस बोलून जे मागतात ते त्यांना आयतंच मिळालं होतं, तळेगावच्या पारावर आयुष्यभर सांगायला एक गोष्ट. पण उठताना मात्र ते स्पष्ट बोलले. मासोळीचं त्यांना समजलं, पण पोरगा घरातला पहिला आहे, वरात मुकी आणणार नाही, बँड दारापर्यंत वाजेल. काकाजींनी हात जोडले. मुलीचा बाप होते, दुसरं काय करणार होते? त्या दिवशी त्यांनी टाकीवर चार पोती जास्तीची टाकली. पोत्याने आवाज अडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे मांडवाच्या दारात उभे होतो. वरात बसस्टँडपर्यंत आल्याचं बँडवरून कळत होतं. क्लॅरिनेट, ताशे, मोठा ढोल. आणि मग एकाएकी सगळं थांबलं. आम्हाला वाटलं, बँडवाल्यांचं काही भांडण झालं. पाहतो तर वरात येत होती, पण आवाज न करता. पुढे घोड्यावर नवरदेव, मागे माणसं खाली माना घालून, बँडवाले वाद्यं बगलेत धरून. बेबीने आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला फोन केला होता आणि त्याने मोठेबाबांना न विचारता बँडमास्तरला गप्प केलं होतं. मोठेबाबा मागे लालबुंद होऊन चालले होते. कडक ऊन, हमरस्ता, आणि घोड्याच्या टापांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. अमरावतीकडून एक एसटी आली, हळू झाली, कंडक्टरने खिडकीतून डोकं काढलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

ते काकाजींनी ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी एकदा मागे वळून घराकडे बघितलं. मग पायांत चपला न घालता ते तापलेल्या डांबरावरून तसेच चालत वरातीपर्यंत गेले. ढोलवाल्याच्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली आणि स्वतःच ढोलावर हाणली. "वाजव रे," ते म्हणाले. "माह्या पोरीचं लगन हाय."

मग जो बँड वाजला तसा कारंज्यात त्यानंतर वाजल्याचं मी ऐकलं नाही. काकाजी घोड्यापुढे दारापर्यंत नाचत आले. त्यांना नाचता येत नव्हतं. ते नुसते हात वर करून उड्या मारत होते. मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका लोभ वाटला की मीही नाचलो, आणि मलाही नाचता येत नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या, संध्याकाळी बेबी गेली. तोवर काकाजी बैठकीत पाऊल टाकायला गेले नाहीत. ती गेल्यावर गेले. पोती काढली. पिवळी मोकळी फिरत होती आणि तिचा गळा सपाट होता. टाकीत एकही पिल्लू नव्हतं. काकाजींनी चिमूटभर खाणं टाकलं. ती आधाशासारखी तुटून पडली. "भूक लागली असंन तिले," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावहून फोन आला. सासरी पहिल्या दिवशी फोन मागून घेणं सोपं नसतं, तरी बेबीने केला होता. काकूची खुशाली नंतर, आधी तिने पिवळीचं विचारलं. मी टाकीशेजारीच उभा होतो. काकाजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "सोडले वं तिनं," ते म्हणाले. "लय हायेत. दगडाच्या कपारीत जाऊन राह्यले, येक बाहेर येत नाई." आवाज जराही हलला नाही. जन्मात एक टायर खोटा न विकलेला माणूस, पण त्या फोनवर माझाही विश्वास बसला आणि मी पुन्हा टाकीत डोकावून बघितलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की ती परतणीला, लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, येणार आहे. दुकान बंद करून ते नागपूरला गेले. नागपूरचे मासेवाले चोर आहेत असं ते नेहमी म्हणत, त्याच बाजारात दिवसभर फिरले. पिवळ्या जातीची पिल्लं कुठेच मिळाली नाहीत. जी मिळाली ती दुसऱ्याच कुळीची होती, करड्या अंगाची आणि काळ्या पट्ट्यांची. ती घेऊन आले, न्हाणीतला पंधरवडा न पाळता काच आडवी घालून टाकीच्या एका अंगाला सोडली आणि लांबून बघितलं तर पट्टे दिसत नाहीत, असं मला दोनदा सांगितलं.

बेबी आली ती जावयाला घेऊन, आणि देवाला नमस्कार करायच्या आधी टाकीपाशी गेली. काकाजी दारातच घुटमळत होते. ती वाकली, नीट बघितलं. लहानपणापासून त्या घरात नळीचं टोक धरलेली मुलगी, तिला काय दिसत नव्हतं? जावयाने कौतुकाने विचारलं, ही हिचीच का सगळी? बेबीने टाकीवरची नजर काढली नाही.

"हो," ती म्हणाली. "पहा ना, अगदी मायवर गेले."

"मी म्हनतच होतो," काकाजी दारातून म्हणाले.